फ्लॅशरॉमने बायॉस चिप लिहिताना: आधी बॅकअप, मग बाकी सगळं

मदरबोर्डवर आठ पायांची, नखाएवढी एक काळी चिप असते. बायॉस किंवा यूईएफआय म्हणतो ते फर्मवेअर, म्हणजे मशीन चालू होताना सगळ्यात आधी चालणारं सॉफ्टवेअर, तिच्यातच असतं. हार्ड डिस्क गेली तर दुसरी लावता येते, विंडोज बिघडलं तर पुन्हा टाकता येतं. ही चिप मात्र अर्धवट लिहिली गेली, तर पंखा फिरतो, दिवा लागतो आणि स्क्रीनवर काहीच येत नाही. म्हणून बायॉस अपडेट म्हटलं की लोक बिचकतात. ही भीती रास्त आहे, पण तिच्यामुळे काम टाळायची गरज नाही. लिहिण्याआधीची तयारी नीट असेल, तर फसलेलं अपडेटही परत जागेवर आणता येतं.

हा लेख मुख्यतः फ्लॅशरॉम या मुक्त प्रणालीबद्दल आहे. कंपनीच्या बायॉसच्या जागी खुलं फर्मवेअर बनवणाऱ्या लिनक्सबायॉस या प्रकल्पातून ती पुढे आली. २००८ साली त्या प्रकल्पाचं नाव कोरबूट झालं. फ्लॅश चिप ओळखणं, वाचणं, पुसणं, लिहिणं आणि पडताळणं एवढंच काम ती करते, पण ते शेकडो प्रकारच्या चिपवर करते. टर्मिनलमधल्या आज्ञा अर्थातच रोमन लिपीत टाइप करायच्या आहेत. इथे मी त्या उच्चाराप्रमाणे लिहितो. एकाक्षरी पर्याय लहान लिपीतले समजा, मोठं अक्षर लागेल तिथे तसं सांगेन.

अपडेट हवंच आहे का?

नवी आवृत्ती दिसली म्हणून बायॉस अपडेट करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. कारण हवं. नवा प्रोसेसर बसवायचा असेल आणि जुनं बायॉस त्याला ओळखत नसेल, तर ते कारण झालं. सुरक्षेची त्रुटी हेही कारण आहे: डिसेंबर २०२३ मध्ये उघड झालेल्या लोगोफेलमध्ये, मशीन चालू होताना दिसणारं चित्र वाचणाऱ्या कोडमधूनच हल्ला करता येत होता, आणि त्यावर इलाज फर्मवेअरमध्येच होता. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर ज्यांच्याकडे आहेत, त्यांनी तर थांबूच नये. जास्तीच्या व्होल्टेजमुळे हे प्रोसेसर हळूहळू खराब होत होते. ऑगस्ट २०२४ पासून त्यावरचा मायक्रोकोड, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या कामाची दुरुस्ती, बायॉस अपडेटमधून मिळू लागला. आधीच खराब झालेला प्रोसेसर त्याने सुधारत नाही, म्हणून उशीर केला की नुकसान वाढतं.

सिक्युअर बूट म्हणजे सही असलेलंच सॉफ्टवेअर मशीन चालू होताना चालू देणारी सोय. तिची २०११ ची प्रमाणपत्रं जून २०२६ पासून कालबाह्य होऊ लागतात. बऱ्याच मशीनना नवी प्रमाणपत्रं विंडोज अपडेटमधून मिळतात, काहींना त्यासाठी बायॉसही नवं लागतं. आपल्या बोर्डाच्या पानावर याचा उल्लेख आहे का, तेवढं बघून घ्या.

यातलं काहीच लागू नसेल आणि मशीन व्यवस्थित चालत असेल, तर चिपला हात लावू नका. बॅकअप मात्र तरीही काढून ठेवा.

विजेचा प्रश्न आधी सोडवा

गोव्यात राहणाऱ्याला हा भाग सविस्तर सांगायलाच हवा. फ्लॅश चिपमध्ये जुन्या मजकुरावर थेट नवा मजकूर बसत नाही. आधी तो भाग पुसावा लागतो, बहुधा ४ किंवा ६४ किलोबाइटच्या तुकड्यांत. पुसलेल्या भागातला प्रत्येक बाइट एफएफ होतो आणि मग नवं लिहिलं जातं. पुसणं आणि लिहिणं यांच्यामध्ये वीज गेली तर तो तुकडा कोराच राहतो. नेमका तो सुरुवातीच्या कोडचा असेल, तर मशीन पुन्हा उठत नाही. सगळं काम काही मिनिटांचं असतं, पण सत्तरीत किंवा डिचोलीत पावसाळ्यात तारेवर फांदी पडायला तेवढा वेळ पुरतो.

म्हणून वेळ निवडा. मे महिन्यातली वळवाची संध्याकाळ आणि ऑक्टोबरमधला परतीचा पाऊस, दोन्ही वेळा विजा कडाडतात. हे काम तेव्हा नको. जून ते सप्टेंबर शक्यतो टाळा. दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवण्याच्या सूचना वर्तमानपत्रात येतात, आपल्या भागाचं नाव त्यात आहे का हे सकाळी बघा. डिसेंबर ते मार्चमधली कोरडी सकाळ सगळ्यात चांगली.

वेळ कितीही चांगली असली तरी डेस्कटॉपला यूपीएस हवाच. साध्या डेस्कटॉपला ६०० व्हीएचा चालतो, पण त्याची बॅटरी जिवंत आहे ना ते आधी तपासा: मशीन चालू ठेवून यूपीएसचा प्लग भिंतीतून काढा आणि दहा मिनिटं बघा. तेवढ्यात मशीन बंद पडलं तर तो यूपीएस या कामाचा नाही. घरात इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागच्या बाजूचं बटण पाहा. बऱ्याच इन्व्हर्टरवर यूपीएस मोड आणि साधा मोड असे दोन पर्याय असतात. साध्या मोडमध्ये वीज गेल्यावर बॅटरीवर यायला जो क्षण लागतो, त्यात पंखा आणि दिवा तग धरतात, संगणक मात्र रीस्टार्ट होऊ शकतो.

जुन्या घरांमध्ये अर्थिंगही बघावं लागतं. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर ते काम आधी वायरमनकडून करून घ्या. पुढे बाहेरच्या प्रोग्रॅमरने, म्हणजे चिपला जोडायच्या छोट्या उपकरणाने, चिप लिहायची वेळ आली, तर हीच गळती चिपपर्यंत पोचू शकते.

लॅपटॉपची बॅटरी भरलेली असावी आणि चार्जरही लावलेला असावा. दोन्हींशिवाय कंपनीची अपडेट साधनं बहुधा पुढेच सरकत नाहीत, आणि ते योग्यच आहे.

बोर्ड नेमका कुठला?

विंडोजमध्ये 'एमएसइन्फो३२' चालवलं की बेसबोर्डचं नाव आणि बायॉसची आवृत्ती दिसते. लिनक्समध्ये तेच 'डीएमआयडीकोड' सांगतं. पण बोर्डावर छापलेली रिव्हिजन डोळ्यांनी वाचणंही महत्त्वाचं. एकाच नावाच्या बोर्डाच्या १.० आणि २.० या रिव्हिजनची फाइल वेगळी असू शकते. टॉर्च लावा, लिहून घ्या, फोटो काढा. फाइल फक्त उत्पादकाच्या अधिकृत पानावरून घ्या. तिथे चेकसम, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून निघणारा ओळखीचा आकडा, दिलेला असेल तर उतरवलेल्या फाइलचा चेकसम काढून ताडून पाहा.

बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लावायचं कुलूप, चालू असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवा आणि मग बिटलॉकर तात्पुरता थांबवा. फर्मवेअर बदललं की या कुलुपाची किल्ली सांभाळणाऱ्या टीपीएमला मशीन बदलल्यासारखं वाटतं आणि विंडोज ती की मागतं. एएमडीच्या काही बोर्डांवर अपडेटनंतर प्रोसेसरमधला टीपीएम कोरा होतो. की नसेल तर डिस्कवरचा सगळा डेटा गेला म्हणून समजा. घरच्यांचे फोटो आणि दुकानाचे हिशेब त्याच डिस्कवर असतात, म्हणून ही पायरी कधीही वगळू नका.

कंपनीचं साधन की फ्लॅशरॉम?

साध्या अपडेटसाठी मी बोर्डातलंच साधन वापरायला सांगेन: असूसचं ईझी फ्लॅश, गिगाबाइटचं क्यू-फ्लॅश, एमएसआयचं एम-फ्लॅश, एएसरॉकचं इन्स्टंट फ्लॅश. फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर फाइल ठेवायची, बायॉसमध्ये जाऊन हे साधन उघडायचं, फाइल निवडायची. बोर्डाला मागे फ्लॅशबॅकचं बटण असेल तर प्रोसेसर नसतानाही अपडेट होतं. लिनक्सवरच्या लॅपटॉपसाठी एफडब्ल्यूअपडी हा चांगला मार्ग आहे. डेल, लेनोव्हो, एचपी यांच्या अनेक मॉडेलांचं फर्मवेअर त्यातून मिळतं.

मग फ्लॅशरॉम कशाला? चिपमधला सगळा मजकूर जसाच्या तसा बाहेर काढता येतो, हे त्याचं मोठं काम. बोर्डातल्या साधनांमध्ये ही सोय बहुधा नसते. कोरबूट टाकायचं असेल, चिप बदलायची असेल किंवा मेलेला बोर्ड उठवायचा असेल, तेव्हाही हेच लागतं. कुठल्याही मार्गाने अपडेट करा, बॅकअप फ्लॅशरॉमने काढता येत असेल तर आधी काढा.

लॅपटॉपवर मशीनच्या आतून फ्लॅशरॉम चालवू नका. अनेक लॅपटॉपमध्ये कीबोर्ड, पंखा आणि चार्जिंग सांभाळणारा एम्बेडेड कंट्रोलर हीच चिप वापरतो. दोघांनी एकाच वेळी तिच्याशी बोलायचा प्रयत्न केला की मशीन गोठतं. फ्लॅशरॉम स्वतःच अनोळखी लॅपटॉपवर नकार देतं. तो नकार मोडायचा पर्याय आहे, आणि त्याच्या नावातच 'मला वीट हवी आहे' असं लिहिलेलं आहे; वीट म्हणजे विटेसारखं निरुपयोगी झालेलं मशीन. तो वापरू नका.

आधी वाचणं

डेबियन किंवा उबंटूवर 'एपीटी इन्स्टॉल फ्लॅशरॉम' केलं की पुरतं. विंडोजवाल्यांनी लिनक्सचा लाइव्ह पेनड्राइव्ह वापरावा. सिक्युअर बूट चालू असेल तर लिनक्स कर्नल हार्डवेअरला थेट हात लावू देत नाही, म्हणून तो तेवढ्यापुरता बंद करावा लागतो. बिटलॉकरची की आधी लिहून ठेवायला सांगितली, ती यासाठीही. तरीही मेमरी वाचता येत नाही असा संदेश आला, तर कर्नलला 'आयओमेम=रिलॅक्स्ड' हा पर्याय देऊन मशीन पुन्हा चालू करा.

आता 'सुडो फ्लॅशरॉम -पी इंटर्नल' एवढीच आज्ञा द्या. यात काही लिहिलं जात नाही, फक्त चिप ओळखली जाते. चिपसेटचं नाव, चिपचं नाव आणि आकार दिसतो. एकापेक्षा जास्त नावं आली तर बोर्डावरच्या चिपवर छापलेलं नाव वाचा आणि '-सी' देऊन तेच नाव सांगा. अंदाजाने निवडू नका.

इंटेलच्या बोर्डावर या चिपचे विभाग असतात: डिस्क्रिप्टर (विभागांचा नकाशा), बायॉस, मॅनेजमेंट इंजिन (इंटेलचं स्वतःचं वेगळं फर्मवेअर), काही बोर्डांवर नेटवर्क कार्डाचा विभाग. मॅनेजमेंट इंजिनचा विभाग बहुतेक वेळा आतून वाचायला बंद असतो. तेव्हा पूर्ण चिपचं वाचन फसतं आणि '--आयएफडी -आय बायॉस' देऊन फक्त बायॉसचा विभाग वाचावा लागतो. ते चालतं, पण तो पूर्ण बॅकअप नव्हे. फाइलच्या नावातच तसं लिहून ठेवा, नाहीतर वर्षभराने तीच फाइल पूर्ण समजून लिहिली जाईल.

वाचायची आज्ञा अशी: 'सुडो फ्लॅशरॉम -पी इंटर्नल -आर जुनं१.बिन'. ती झाली की नाव बदलून पुन्हा: 'जुनं२.बिन'. मग दोन्हींवर 'एसएचए२५६सम' चालवा. दोन्हींचे आकडे अक्षर न अक्षर सारखे आले पाहिजेत. बायॉस स्वतःच्या काही नोंदी याच चिपमध्ये ठेवतं, म्हणून दोन वाचनांच्या मध्ये मशीन रीस्टार्ट करू नका.

त्यानंतर आकार तपासा. चिपवर १२८ लिहिलं असेल तर ते मेगाबिट असतात, म्हणजे १६ मेगाबाइट, आणि पूर्ण फाइल बरोबर १,६७,७७,२१६ बाइटची हवी. ६४ मेगाबिटच्या चिपची ८३,८८,६०८. शेवटी हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे बाइट जसेच्या तसे दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, फाइल उघडा. सगळीकडे एफएफ किंवा सगळीकडे शून्य दिसलं, तर दोन्ही वाचनं सारखी असूनही खोटी आहेत.

ही फाइल दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा, आणि त्यातलं एकही ठिकाण हे मशीन नको. बोर्डाचा सिरियल नंबर, बऱ्याच बोर्डांचा नेटवर्क पत्ता, लॅपटॉपमध्ये विंडोजची की, हे सगळं याच चिपमध्ये असतं. दुसऱ्या कुणाच्या बोर्डावरून काढलेली फाइल लिहिली तर मशीन उठेल, पण ओळख त्या दुसऱ्या बोर्डाची घेऊन.

मग लिहिणं

इथे एक चूक फार जण करतात. उत्पादकाच्या पानावरची फाइल सरळ फ्लॅशरॉमला देतात. ती फाइल बहुधा कॅप्सूल असते, म्हणजे खऱ्या मजकुरापुढे सहीचा आणि माहितीचा जादा भाग जोडलेला असतो, त्यामुळे आकारही जुळत नाही. आकार जुळला तरी तुमच्या बोर्डाचा सिरियल नंबर त्या फाइलमध्ये नसतो. अशी फाइल बोर्डातल्या साधनालाच द्या. फ्लॅशरॉमला पूर्ण चिपच्या आकाराची, कशी तयार झाली हे माहीत असलेलीच फाइल द्यायची: स्वतःचा बॅकअप, किंवा त्याच बोर्डासाठी बांधलेलं कोरबूट.

बाकी सगळे प्रोग्रॅम बंद करा, आपोआप होणारी अपडेट थांबवा, स्लीप बंद करा. आज्ञा वाचनासारखीच, '-आर'च्या जागी '-डब्ल्यू' आणि पुढे फाइलचं नाव. फक्त बायॉसचा विभाग लिहायचा असेल तर '--आयएफडी -आय बायॉस' इथेही लागेल, आणि त्याच्या जोडीला मोठ्या एनचा '-एन', म्हणजे न वाचता येणारे विभाग पडताळायला जाऊन काम फसत नाही. '-ओ' देऊन नोंद एका फाइलमध्ये ठेवा; काही बिघडलं तर तीच उपयोगी पडते.

फ्लॅशरॉम आधी जुना मजकूर वाचतं, फरक असलेले तुकडेच पुसून लिहितं आणि शेवटी स्वतःच पडताळणी करतं. 'व्हेरिफाइड' हा शब्द दिसेपर्यंत कीबोर्डला हात नको.

पडताळणी फसली, तर मशीन बंद करायचं नाही आणि रीस्टार्टही नाही. फ्लॅशरॉम हेच मोठ्या अक्षरात सांगतं, तरी घाबरून लोक पॉवरचं बटण दाबतात. मशीन अजून चालू आहे, कारण लिनक्स मेमरीतून चालतंय. चिपची गरज पुढच्या वेळी चालू करतानाच लागणार आहे. तोपर्यंत पुन्हा लिहून बघा. तेही फसलं तर जुना बॅकअप लिहा. यूपीएसची बॅटरी असेल तेवढा वेळ तुमच्या हातात आहे.

बोर्ड उठलाच नाही तर

गिगाबाइटच्या बऱ्याच बोर्डांवर दोन चिप असतात, तिथे आधी दुसरीवरून उठतो का बघा. फ्लॅशबॅकचं बटण असेल तर तो दुसरा मार्ग. दोन्ही नसेल तर बाहेरचा प्रोग्रॅमर लागतो. सीएच३४१ए नावाचा छोटा यूएसबी प्रोग्रॅमर आणि आठ पायांची क्लिप सगळीकडे मिळते.

घेताना एक गोष्ट तपासा. काळ्या रंगाच्या बऱ्याच सीएच३४१ए प्रोग्रॅमरवर चिपला वीज ३.३ व्होल्टची मिळते, पण डेटाच्या तारा ५ व्होल्टवर असतात. बहुतेक वेळा चिप ते सोसते, पण तिच्या मर्यादेबाहेरचं ते आहेच. मल्टीमीटरने मोजून, दुरुस्त केलेला किंवा व्होल्टेज बदलता येणारा प्रोग्रॅमर घ्या. आणि चिप १.८ व्होल्टची असेल तर अ‍ॅडाप्टरशिवाय जोडूच नका. विनबाँडच्या डब्ल्यू२५क्यू१२८एफव्ही आणि डब्ल्यू२५क्यू१२८एफडब्ल्यू या नावांत शेवटच्या अक्षराचाच फरक आहे. पहिली ३.३ व्होल्टची, दुसरी १.८ व्होल्टची. मॅक्रोनिक्समध्ये २५एल म्हणजे ३.३ आणि २५यू म्हणजे १.८. भिंगातून वाचा.

बोर्डाची पॉवर केबल काढा, लॅपटॉप असेल तर बॅटरी सोडवा, बोर्डावरचा नाण्यासारखा सीआर२०३२ सेलही काढा. क्लिपची लाल तार चिपवरच्या ठिपक्याच्या बाजूला येते. तो ठिपका म्हणजे पहिला पाय. प्रोग्रॅमर ज्या लॅपटॉपला जोडला आहे तो बॅटरीवर चालवा, चार्जर काढून ठेवा. मग '-पी सीएच३४१ए_एसपीआय' देऊन आधी ओळख, मग दोनदा वाचन. चिपमधला मजकूर बिघडलेला असला तरी हे वाचन करायचंच, कारण सिरियल नंबर बहुधा अजून शाबूत असतो.

किनाऱ्यालगतच्या दुकानांतून येणाऱ्या बोर्डांवर इथेच गाडी अडते. कळंगुटच्या एका दुकानातलं बिलिंगचं मशीन पावसानंतर उठेना म्हणून माझ्याकडे आलं. चिप ८ मेगाबाइटची. क्लिप घट्ट बसलेली, फ्लॅशरॉम चिपचं नाव बरोबर सांगत होतं, पण दोन वाचनांचे आकडे जुळत नव्हते. भिंगातून पाहिलं तर पायांच्या मुळाशी हिरवट थर, खारी हवा आणि ओल यांनी धरलेला. जुन्या टूथब्रशवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पाय घासले, पूर्ण वाळू दिले, क्लिप परत लावली, आणि दोन्ही वाचनं जुळली. चिपचं नाव ओळखायला थोडेच बाइट पुरतात, लाखो बाइट न चुकता यायला संपर्क स्वच्छ लागतो. पहिल्याच वाचनावर विसंबून कुणी लिहायला घेतलं असतं, तर त्या चिपमधला मूळ मजकूर कायमचा गेला असता.

साफ करूनही वाचन जुळलं नाही, तर प्रोग्रॅमरची वीज बोर्डाच्या इतर भागांत जात असण्याची शक्यता असते. क्लिपची तार लहान करून बघा. तरीही नाही जमलं तर चिप बोर्डावरून काढूनच वाचावी लागते. गरम हवेने सोल्डर वितळवणारं हॉट एअर यंत्र हातात सरावाचं नसेल तर ते काम चांगल्या कारागिराकडे द्या. त्याला बोर्डाचं मॉडेल, रिव्हिजन, चिपचा फोटो आणि तुमची बॅकअप फाइल एवढं दिलं तर त्याचंही काम सोपं होतं. फाइल नसेल तर तो दुसरीकडून मिळवेल. नेटवर्क पत्ता आणि सिरियल नंबर तुमचाच ठेवायचा आहे, हे त्याला आधी सांगा.

पहिल्यांदा चालू करताना

लिहून झाल्यावर सेल परत बसवा, केबल लावा आणि चालू करा. पहिल्या वेळी स्क्रीन बराच वेळ काळी राहू शकते. रॅमची जुळणी नव्याने होत असते आणि डीडीआर५ असेल तर त्यात काही मिनिटं जातात. एक-दोनदा मशीन आपलं आपण बंद-चालूही होतं. हात आवरा, पंधरा मिनिटं तरी द्या.

बायॉसमध्ये शिरून आधी डिफॉल्ट सेटिंग लोड करा. मग बूटचा क्रम, डिस्क कंट्रोलरचा मोड आणि रॅमचा वेग पूर्वीसारखा लावा. डिस्कचा मोड बदललेला राहिला तर विंडोज निळ्या स्क्रीनवर अडकतं आणि दोष अपडेटला दिला जातो. यासाठी अपडेटआधी बायॉसच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवलेला बरा. सिक्युअर बूट पुन्हा चालू करा, विंडोजमध्ये जाऊन आवृत्तीचा आकडा बघा आणि बिटलॉकर परत सुरू करा. मग फ्लॅशरॉमने नव्या मजकुराचं वाचन पुन्हा दोनदा काढा आणि त्या फाइलला बोर्डाचं नाव, रिव्हिजन, आवृत्ती आणि तारीख द्या.